परग्रहावरच्या जिवांनाही आपल्यासारखंच हवापाणी लागेल का?

निशाचर_नाशिक (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय, म्हटलं इथेच सोडावा. २०२५ च्या एप्रिलमध्ये दूरच्या के२-१८बी ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा मिळाल्याचं ते प्रकरण गाजलं तेव्हापासून बघतोय, कुठलाही ग्रह चर्चेत आला की बातमीत तेच तीन प्रश्न. पाणी आहे का, तापमान बेताचं आहे का, ऑक्सिजन आहे का. नसेल तर ग्रह मृत, विषय संपला. अरे पण का? आपल्याला पाणी लागतं म्हणून त्यांनाही लागलंच पाहिजे हा कुठला न्याय? एवढं अवाढव्य विश्व, त्यात कोणी अमोनिया पीत असेल, कोणी गंधकाम्लात डुंबत असेल, कोणाला आपला ऑक्सिजन नाकात गेला तर ठसका लागत असेल. मला तर वाटतं शास्त्रज्ञ लोक स्वतःचाच फोटो हातात घेऊन दुसऱ्याच कोणा हरवलेल्या माणसाला शोधतायत, मग सापडणार कसा?

मी सायन्सवाला नाही, बँकेत कारकुनी करतो. त्यामुळे जाणकारांनी जरा सोप्या भाषेत लिहा. आणि यूएफओ, पिरॅमिड वगैरे कृपया नको, त्याला वेगळा धागा आहे.

मिरची_भजी | शनिवार, रात्री ११.५२

मी पयली! पाणी नसलं तरी भागेल हो त्यांचं, वायफाय मात्र लागेलच. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

लातूरचा_पाहुणा | रविवार, सकाळी ७.१५

पाण्याशिवाय जीवसृष्टी टिकते का हे शोधायला एवढ्या लांब कशाला जायचं, २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं यायचं होतं की. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. टिकलो बगा आम्ही.

खडूवाला | रविवार, सकाळी ९.०५

निशाचर, प्रश्न झकास आहे पण तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. एकेक बाहेर काढू.

ऑक्सिजन आधी, कारण त्याचा निकाल पटकन लागतो. पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी जीव असल्याचे पुरावे आहेत. हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वी, तोही सायनोबॅक्टेरियांनी प्रकाशसंश्लेषण करता करता टाकाऊ माल म्हणून बाहेर सोडलेला. म्हणजे पहिली अब्जभर वर्षं इथलेच जीव ऑक्सिजनशिवाय मजेत होते आणि तो वाढला तेव्हा त्यातल्या बहुतेकांसाठी ते विष होतं. तेव्हा 'पृथ्वीसारखी परिस्थिती' म्हणताना कधीची पृथ्वी ते आधी सांगा. अडीच अब्ज वर्षांपूर्वीची पृथ्वी दुर्बिणीतून कोणाला दिसली असती तर तिच्या हवेत ऑक्सिजन नाही म्हणून त्यानेही 'मृत ग्रह' असा शिक्का मारला असता.

पाण्याचं मात्र एवढं सोपं नाही. माझा पिंड अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तराचा, त्यामुळे थोडं सहन करा. जीव म्हणजे शेवटी एकमेकांत होणाऱ्या असंख्य रासायनिक क्रिया. त्या व्हायला रेणू एकमेकांना भेटले पाहिजेत, दगडात ते हलत नाहीत आणि वायूत फार पांगतात, म्हणून द्रव हवा. पाणी ध्रुवीय (रेणूच्या एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण भार) असल्यामुळे क्षार, साखर, अमिनो आम्लं असं कायकाय विरघळवतं आणि तेलकट रेणू बाजूला ढकलतं, त्यातूनच पेशीचं आवरण आपोआप जमतं. शंभर अंशांच्या पट्ट्यात द्रव राहतं. आणि बर्फ तरंगतो! अमोनिया घेतला तर तो उणे ७८ ते उणे ३३ एवढाच द्रव, आणि त्याचा बर्फ बुडतो, म्हणजे थंडी पडली की तळं तळापासून गोठत वर येणार. शिवाय पाणी ही काही पृथ्वीची मिजास नाही. हायड्रोजन हे विश्वात सगळ्यात जास्त असलेलं मूलद्रव्य आणि ऑक्सिजन तिसऱ्या नंबरावर, मग पाणी सगळीकडे असणारच. नासा पाण्याच्या मागे आहे ती हौस म्हणून नाही.

तर्कटराव | रविवार, सकाळी ९.४०

सर, आदर ठेवून असहमत. पाण्याचे जे जे गुण तुम्ही सांगितलेत ते पाण्यात वाढलेल्या जिवाला सोयीचे आहेत म्हणून ते 'गुण'. अमोनियातला एखादा मास्तर असाच खडू घेऊन सांगत असेल की पाणी किती जहाल, त्यात आमचे रेणू तुकडे तुकडे होतात, तिथे जीव कसला जगतोय. आणि पाण्यात रेणू खरंच तुटतात, डीएनए पाण्यात आपोआप झिजतो आणि पेशीला सतत डागडुजी करत बसावं लागतं. तो अवगुण तुम्ही सोयीस्कर गाळलात.

खडूवाला | रविवार, सकाळी १०.०२

गाळला नाही, तास संपला होता. :) मुद्दा मान्य. पण तळापासून गोठण्याचं काय ते सांगा.

तर्कटराव | रविवार, सकाळी १०.१०

जिथे कधी गोठतच नाही तिथे राहायचं. सिंपल.

लॅबमधली_माशी | रविवार, दुपारी १२.३०

धागा आवडत्या विषयावर आहे त्यामुळे स्वयंपाक अर्धा टाकून टंकतेय.

खडूवाला सरांनी ऑक्सिजन विष होतं असं लिहिलंय, ते 'होतं' नाही, आजही आहे. मी ऑक्सिजन न चालणाऱ्या जिवाणूंवर काम करायचे. त्यांच्यासाठी खाद्य बनवायचं म्हणजे आधी ते उकळून त्यातली हवा घालवायची, मग नायट्रोजनचे बुडबुडे सोडत गार करायचं, आणि त्यात रिसाझुरिन नावाचा रंग टाकायचा. ऑक्सिजन नसला की हा रंगहीन राहतो आणि जरा कुठून हवा शिरली की गुलाबी होतो. सकाळी येऊन बघावं तर रबरी बुचाला बारीकशी चीर गेलेली आणि अख्खी रांग छानपैकी गुलाबी. सगळं ओता. आमच्यात त्या गुलाबीला फार शिव्या बसायच्या.

यातलेच काही जीव तुमच्या ओळखीचे आहेत. ज्यांच्या गावाकडे गोबरगॅसची टाकी आहे त्यांनी टाकीला मान द्या. आत मिथेन बनवणारे जे सूक्ष्मजीव असतात ते आपल्या नेहमीच्या जिवाणूंपैकी नाहीतच, आर्किया नावाचं वेगळंच घराणं आहे. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये हे घराणं वेगळं काढलं तेच मुळी या मिथेनवाल्यांच्या अभ्यासातून. आणि जास्तीत जास्त तापमानात वाढण्याचा विक्रम यांच्याच एका भाईबंदाचा, समुद्रतळाच्या गरम झऱ्यातला मेथॅनोपायरस, जास्त दाबाखाली १२२ अंश सेल्सियसला वाढला. आपला प्रेशर कुकर साधारण १२० ला शिजवतो. म्हणजे कुकरमध्ये हा शिजणार नाही, वाढेल.

मिरची_भजी | रविवार, दुपारी १२.४१

आता वरण लावायची भीती वाटतेय मला.

बुलढाणेकर | रविवार, दुपारी २.२०

आमच्या लोणारचं नाव अजून कोणी काढलं नाही याचा निषेध. उल्का पडून झालेलं विवर, पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं, तेही बेसाल्टमध्ये. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचाच, म्हणून जगभरचे संशोधक इथे बाटल्या घेऊन उतरतात. पाणी खारट आणि सोड्यासारखं, सामू दहाच्या आसपास. हात बुडवला की बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात आणि काठावरचा वास... तो ज्याने घेतलाय त्यालाच माहीत, कुजक्या अंड्याच्या जरा अलीकडे. मासा नाही, बेडूक नाही. पण मेलेलं तळं म्हणाल तर अजिबात नाही, हिरवंगार असतं, स्पिरुलिनाच्या जातीची शेवाळं मजेत वाढतात.

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं ते आठवत असेल. लोकांनी कायकाय अफवा उठवल्या, लवणासुराचं रक्त इथपर्यंत. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले तर हॅलोआर्किया, म्हणजे मीठखाऊ आर्किया निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला तसे ते माजले. गंमत म्हणजे तेच पाणी बाटलीत भरून ठेवलं तर ते सगळे तळाशी बसले आणि वरचं पाणी साफ. माशीताई, तुमच्या माहेरचेच लोक हे.

आबा_कोकणे | रविवार, दुपारी ३.०५

आमच्या कोकणात उन्हवऱ्याच्या कुंडात हात घालवत नाही इतकं पाणी गरम, तरी कडेच्या दगडाला रंगीत साय धरलेली असतेच. लहानपणी शेवाळ समजायचो. नंतर कळलं अमेरिकेत यलोस्टोनच्या असल्याच झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात जो जिवाणू मिळाला त्याच्या एन्झाइमवर पीसीआर टेस्ट उभी राहिली. कोविडात नाकात काड्या घातल्या त्या सगळ्यांनी झऱ्यांचे आभार माना.

तर्कटराव | रविवार, दुपारी ४.३०

लोणार, उन्हवरे, यलोस्टोन, कुकर, सगळं वाचलं, मजा आली. पण मंडळी, यातून निशाचरच्या प्रश्नाचं उत्तर तसूभरही पुढे सरकत नाही. हे सगळे आपलेच चुलतभाऊ आहेत. लोणारच्या गुलाबी आर्कियात तोच डीएनए, ऊर्जेसाठी तोच एटीपी, प्रथिनांना तीच वीस अमिनो आम्लं, आणि तीही सगळी डाव्या हाताची (हे रेणू आरशातल्या प्रतिमांसारखे डावे-उजवे अशा दोन रूपांत असतात; ग्लायसीनला डावंउजवं नसतं, मास्तर छडी काढायच्या आत सांगून टाकतो). एकाच आजोबाची नातवंडं कुठे कुठे जाऊन राहिली एवढंच यातून कळतं. बाहेरच्या घराण्याबद्दल काय कळलं? शून्य. आपल्याकडे उदाहरण एकच आहे आणि एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, ना पाणी हवं असा, ना नको असा.

सोनचाफा_ऑस्टिन | रविवार, रात्री ८.१५

तर्कटराव +१. दुसरं उदाहरण मिळवायचं असेल तर माझा पैसा टायटनवर. शनीचा हा चंद्र, पृष्ठभागावर उणे १७९ अंश, हवा आपल्या दीडपट दाबाची आणि बहुतेक नायट्रोजनची. तिथे पाऊस पडतो, नद्या आहेत, सरोवरं आहेत, सगळं मिथेन-इथेनचं. पाण्याचा बर्फ तिथे आपल्याकडच्या दगडाच्या जागी. २००५ च्या १४ जानेवारीला हायगेन्स यान उतरलं त्याच्या फोटोत जे गुळगुळीत गोटे दिसतात ते बर्फाचे. गुरुत्वाकर्षण कमी आणि हवा दाट, त्यामुळे पावसाचे थेंब आपल्यापेक्षा मोठाले आणि अगदी सावकाश खाली येणार. असल्या पावसात भिजायला काय मजा येईल (गोठून मरेपर्यंत).

२०१५ मध्ये कॉर्नेलच्या लोकांनी कॉम्प्युटरवर दाखवलं की अ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाच्या रेणूपासून मिथेनमध्ये पेशीसारखं आवरण बनू शकेल. दोन वर्षांनी अल्मा दुर्बिणीला तो रेणू टायटनच्या हवेत मिळालासुद्धा! नंतरच्या गणितांनी मात्र पाणी फिरवलं, तसं आवरण आपोआप जमणार नाही असं निघालं. तरी ड्रॅगनफ्लाय नावाचा उडता रोबो २०२८ ला निघून २०३४ ला पोचायचा बेत आहे. तोवर भांडत राहू.

खडूवाला | रविवार, रात्री ९.००

मिथेनची अडचण सांगतो. तो अध्रुवीय. त्यात मीठ विरघळत नाही, अमिनो आम्लं विरघळत नाहीत, मोठे रेणू बहुतेक सगळे तळाला गाळ होऊन बसतात. आणि उणे १७९ ला रासायनिक क्रिया इतक्या मंद की त्या जिवाला एक जांभई द्यायला आपल्या पिढ्या जातील.

मिरची_भजी | रविवार, रात्री ९.०४

म्हणजे आमच्या हापिसातला टेबल नंबर चार. परग्रहवासी सापडला हो!

निशाचर_नाशिक | रविवार, रात्री ९.३०

मस्त चाललंय, सगळ्यांचे आभार. मंद असला तर काय बिघडलं, त्यांना कुठे लोकल पकडायचीय. एक शंका, लहानपणापासून ऐकतोय की कार्बनऐवजी सिलिकॉनचे जीव असू शकतात. मास्तर, होईल का?

खडूवाला | रविवार, रात्री १०.१०

हा प्रश्न दर वर्षी एक तरी पोरगा विचारायचाच. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली, त्यालाही चार हात, म्हणून मोह होतो. पण कार्बन-कार्बन बंध भक्कम, लांबच लांब साखळ्या होतात. सिलिकॉन-सिलिकॉन बंध त्यामानाने लेचापेचा, आणि सिलिकॉन-हायड्रोजनची संयुगं, सिलेन म्हणतात त्यांना, नुसत्या हवेत आली तरी पेट घेतात. दुसरं, कार्बन जाळला की वायू होतो, उच्छ्वासातून सोडून दिला की झालं. सिलिकॉन जाळला की वाळू. प्रत्येक श्वासागणिक वाळू टाकत बसायचं म्हणजे बांधकाम साईटच.

आणि सगळ्यात मोठी साक्ष आपल्या पायाखालीच आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाने साधारण २८ टक्के सिलिकॉन आहे, कार्बन त्यापुढे किरकोळ. एवढा ढीग समोर असून जीवसृष्टीने कार्बनच उचलला. सिलिकॉन वापरला तो हत्यारापुरता. उसाच्या फडात पान घासून हात कापला गेलाय ना कधी? ती धार सिलिकाची. भाताचं तूसही त्यानेच भरलेलं असतं.

तर्कटराव | रविवार, रात्री १०.२२

साक्ष पाण्याने आणि ऑक्सिजनने भरलेल्या कोर्टात झाली आहे. सिलिकॉनला दुसऱ्या कोर्टात उभं करा, मग बोलू. पण सिलेनचा मुद्दा जोरदार, हे कबूल.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री १०.५०

काहून एवढं डोकं लावता बाप्पा. आपल्या पूर्वजांनी ८४ लक्ष योनी सांगून ठेवल्या हायेत, त्यात हे सगळे आले.

तर्कटराव | रविवार, रात्री १०.५५

त्यात टायटनवाली योनी कितव्या नंबरला आहे तेवढं सांगा, ड्रॅगनफ्लायचं इंधन वाचेल.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री १०.५८

हलके घ्या हो, म्या गंमत केली. चालू द्या.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ८.४५

वेगळ्या रसायनाचा जीव सापडल्याचा गाजावाजा एकदा होऊन गेलाय, तो विसरू नका. २०१० च्या डिसेंबरमध्ये नासाने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो. फेलिसा वुल्फ-सायमन आणि सहकाऱ्यांचं संशोधन. जगभर नुसता कल्ला. रोझी रेडफील्ड या कॅनडातल्या शास्त्रज्ञ बाईंनी ब्लॉगवर त्याची पिसं काढली, २०१२ मध्ये दोन स्वतंत्र निबंधांनी दाखवलं की जिवाणू आर्सेनिक फक्त सोसतो, वापरतो तो फॉस्फरसच, तोही चिमूटभर मिळाला तरी चिवटपणे वेचून. शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये सायन्स नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला, मूळ लेखकांची हरकत असताना. मला तर हे उलट जास्त बोलकं वाटतं. आर्सेनिकने भरलेल्या तळ्यात अब्जावधी पिढ्या काढूनही जीव आपलं जुनं रसायन सोडत नाही.

उत्तररात्र | सोमवार, सकाळी १०.३०

निशाचर यांनी फोटो घेऊन शोधण्याचं जे म्हटलंय तसं १९७६ ला खरोखर झालंय. नासाची व्हायकिंग यानं मंगळावर उतरली, मातीत पोषक द्रव टाकलं आणि कोणी खाऊन वायू सोडतंय का बघितलं. एका प्रयोगात वायू आला! तो प्रयोग करणारे गिल्बर्ट लेव्हिन शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो जीवच होता. पण मातीत सेंद्रिय रेणूंचा पत्ता लागेना म्हणून बाकीच्यांनी नाही म्हटलं. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार मिळाले, आणि परक्लोरेट असलेली माती तापवली की त्यातले सेंद्रिय रेणू जळूनच जातात. व्हायकिंगने नेमकी माती तापवूनच तपासली होती. काही जण तर म्हणतात, तिथले जीव कोरड्या खारट मातीला सरावलेले असतील तर आपण ओतलेल्या पाण्यानेच ते मेले असतील. पाहुणचारात पाहुणा नाही, यजमान गेला.

माझं म्हणणं एवढंच की 'जीव आहे का' हा प्रश्न तुम्ही कुठल्या परीक्षेने विचारता यावर उत्तर ठरतं.

मिरची_भजी | सोमवार, सकाळी १०.४१

पाणी पाजून मारलं! आमची आजी म्हणायची तसं, अति आग्रह नको.

लॅबमधली_माशी | सोमवार, दुपारी १.१५

तर्कटरावांचा चुलतभाऊ वाला मुद्दा शंभर टक्के पटला, त्याला धरूनच पुढे. आपण सगळे दोन प्रश्नांची मिसळ करतोय. जीव एखाद्या जागी टिकेल का, आणि जीव तिथे मुळात सुरू होईल का. टार्डिग्रेड या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्यांची उदाहरणं लोक हमखास देतात, २००७ मध्ये त्यांना अवकाशात उघड्यावर ठेवलं आणि काही जिवंत परतले. पण ते तिथे जगत नव्हते हो, वाळून मुटकुळं करून पडले होते. तिथे त्यांनी संसार थाटला असता तर गोष्ट वेगळी.

सुरुवात व्हायला काय लागतं हे कोणालाच ठाम माहीत नाही, पण कच्चा माल दुर्मीळ नाही एवढं नक्की. बेन्नू लघुग्रहाचा नमुना २०२३ मध्ये पृथ्वीवर आला, त्यात आपण वापरतो त्या वीसपैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं मिळाली. आणि अमिनो आम्लं डावी-उजवी साधारण सारखीच. म्हणजे डावेपणा हा रसायनाचा हट्ट नाही, आपल्या आजोबाची निवड. दुसरीकडे कोणी उजवा आजोबा असूच शकतो. त्याला आपलं जेवण पचणार नाही, आपल्याला त्याचं.

आता उलटं उदाहरण. इथिओपियात डॅलोल म्हणून जागा आहे, पिवळी-हिरवी गरम डबकी, फोटो बघा, वेड लागेल. तिथे पाणी आहे, ऊर्जा आहे, आजूबाजूला जीव आहेत. तरी २०१९ मध्ये एका गटाने बारकाईने तपासलं तर सगळ्यात आम्लधर्मी, खारट डबक्यांत जगणारं काहीच नाही. दुसऱ्या एका गटाने त्याच वर्षी अतिसूक्ष्म जीव मिळाल्याचं म्हटलं होतं, त्यावर वाद आहेच. पण पहिला गट बरोबर असेल तर 'पाणी दिसलं की जीव' हे समीकरण आपल्याच घरात फसतं.

आणि याच्या अगदी विरुद्ध टोक दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत. २.८ किलोमीटर खोल, ना ऊन ना ऑक्सिजन, खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाणी फुटतं आणि त्यातल्या हायड्रोजनवर एक जिवाणू एकटा जगतो. डिसल्फोरुडिस. तिथल्या नमुन्यात जवळजवळ सगळा तोच, शेजारीपाजारी कोणी नाही. मला या बिचाऱ्याबद्दल फार जिव्हाळा आहे. मंगळाच्या पोटात असं कोणी बसलेलं असेल तर वरून दुर्बिणीने काय दिसणार कपाळ? आपल्याकडे कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, तिथल्या खडकातही आयआयटी खरगपूरच्या मंडळींनी सूक्ष्मजीव शोधलेत.

बुलढाणेकर | सोमवार, दुपारी २.००

खालचं झालं, आता वरचं. जयंत नारळीकर सरांचा फुग्याचा प्रयोग कसा विसरलात? २००१ आणि मग २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोचा फुगा सोडला, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. पुण्याच्या एनसीसीएस आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थांमध्ये तपासणी झाली.

तर्कटराव | सोमवार, दुपारी २.२५

नारळीकरांबद्दल आदर आहेच, पण ते जिवाणू वरून आले की खालून उडून गेले हे त्या प्रयोगात ठरलं नाही, आणि तसा दावा इस्रोनेही केला नव्हता. तेही आपल्याच घराण्यातले निघाले.

बुलढाणेकर | सोमवार, दुपारी २.३१

मी तरी कुठे म्हटलं परग्रहावरून आले. पण प्रश्न विचारून फुगा सोडायला हिंमत लागते. २०२५ च्या मेमध्ये सर गेले, तेव्हापासून राहून राहून ते आठवतं.

सोनचाफा_ऑस्टिन | सोमवार, रात्री ९.२०

के२-१८बी बद्दल धाग्यात फक्त पहिल्या ओळीत आलंय म्हणून लिहिते. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने तिथे डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्रातल्या प्लवकांपासून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांपासून) येतो म्हणून एवढी खळबळ. इतरांना त्याच आकड्यांत काही ठाम दिसलं नाही. शिवाय हा रेणू ६७पी या धूमकेतूवरही मिळालाय, तिथे कोण प्लवक पोहतायत? इथला जीव जे सोडतो तेच तिथे शोधायचं, ही अडचण निशाचर म्हणतोय तीच.

पण दुसरी बाजू सांगते. १२४ प्रकाशवर्षांवरून मिळतो तो ताऱ्याचा गाळलेला उजेड. त्यात काय शोधायचं हे ठरवायला कुठलीतरी ओळखीची खूण लागणारच. अनोळखी जीव काय सोडेल हेच माहीत नसेल तर यादीत लिहिणार काय?

निशाचर_नाशिक | सोमवार, रात्री १०.०५

हं. म्हणजे शास्त्रज्ञांना कळत नाही असं नाही, त्यांना शोधता येईल तेच शोधतायत. हे मला आधी असं डोक्यात नव्हतं आलं. पण मग मूळ प्रश्न तसाच राहिला ना, त्यांना पाणी लागेल का?

उत्तररात्र | सोमवार, रात्री ११.५०

निशाचर, यावर नासाने तोंडाने नाही पण कृतीने उत्तर दिलंय. २०१७ च्या १५ सप्टेंबरला कॅसिनी यान मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळून टाकलं. इंधन संपत आलं होतं आणि ते भरकटून शनीच्या एन्सेलाडस किंवा टायटन या चंद्रांवर आपटलं असतं तर यानावर चिकटून गेलेले पृथ्वीवरचे जीव तिथे रुजतील ही भीती. गॅलिलिओ यानाचं २००३ मध्ये गुरूवर हेच केलं, गुरूचा चंद्र युरोपा वाचवायला.

म्हणजे बघा, एन्सेलाडस जेमतेम ५०० किलोमीटरचा गोळा, सूर्यापासून इतका लांब की तुमच्या बातम्यांमधल्या 'बेताच्या तापमानाच्या' पट्ट्याच्या कितीतरी बाहेर. पण शनीच्या ओढाताणीने आतून तापतो, बर्फाखाली समुद्र आहे, भेगांतून फवारे उडतात. त्या फवाऱ्यात हायड्रोजन मिळाला, २०२३ मध्ये तर फॉस्फेटही मिळाल्याचं जाहीर झालं. माशीताईंच्या गोबरगॅसवाल्यांना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर भागतं. जेवण वाढून ठेवलंय तिथे.

तर्कटराव | मंगळवार, सकाळी ८.१०

उदाहरण सुंदर, निष्कर्ष अर्धा. कॅसिनी जाळलं यावरून एवढंच दिसतं की आपल्या जिवांना तिथे राहता येईल अशी शंका आहे. तिथे आधीच कोणी असलं तर ते आपल्यासारखं असेल का, ते वेगळं राहिलं.

लॅबमधली_माशी | मंगळवार, सकाळी ८.५५

बरोबर. म्हणून मी पैज एन्सेलाडसवर लावते, टायटनवर नाही. एन्सेलाडसवर जीव मिळाला आणि त्याची अमिनो आम्लं उजव्या हाताची निघाली, तर पाणी तेच पण आजोबा वेगळा, हे एका फटक्यात ठरेल. डावी निघाली तर मात्र पंचाईत, वेगळी सुरुवात की आपलाच कोणी उल्केवर बसून गेला यावर पुढची पन्नास वर्षं निबंध पडतील. टायटनवर मिळाला तर आपल्याला तो जीव आहे हे ओळखायलाच पन्नास वर्षं लागतील.

सोनचाफा_ऑस्टिन | मंगळवार, सकाळी ९.३०

पैज मंजूर. मी टायटन. नासाचं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचतंय, तोवर कोणाला तिसरा घोडा लावायचा असेल तर सांगा.

आबा_कोकणे | मंगळवार, सकाळी १०.१२

माझे शुक्राच्या ढगांवर. वरती पन्नासेक किलोमीटरवर तापमान आणि दाब आपल्यासारखाच असतो म्हणतात, फक्त ढग गंधकाम्लाचे. २०२० मध्ये तिथे फॉस्फीन, म्हणजे जिवाची खूण समजला जाणारा वायू, मिळाला म्हणाले त्याचं पुढे काय झालं कोणी सविस्तर लिहील का?

खडूवाला | मंगळवार, सकाळी १०.४०

लिहितो, पण संध्याकाळी. नात आलीये, तिला आत्ता बर्फ का तरंगतो ते बघायचंय.